पोर्टर बिअर चाखताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गावाकडच्या बारमध्ये पोर्टर सहसा मिळत नाही. कोणी नागपूर-पुण्याहून एखादी बाटली आणतं, ती फ्रिजमध्ये बर्फासारखी गार होते, स्टीलच्या ग्लासात ओतली जाते आणि पहिल्या घोटाला निकाल लागतो: "कडू आहे, करपली आहे." बहुतेक वेळा बिअरमध्ये काही वाईट नसतं, वाढण्यात चूक झालेली असते. ही उत्तरं विदर्भातलं ऊन, पाणी आणि स्वयंपाकघर डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहेत.

पोर्टर म्हणजे नेमकी कोणती बिअर?

अठराव्या शतकाच्या सुरुवातीला लंडनमध्ये रुजलेली गडद तपकिरी बिअर. रस्त्यावर आणि नदीच्या धक्क्यांवर ओझी वाहणाऱ्या हमालांना तिकडे पोर्टर म्हणत. त्यांची ही आवडती, म्हणून तिचंही नाव तेच पडलं.

बिअरचा पाया म्हणजे माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेले जव. ते हलके वाळवले तर बिअर सोनेरी होते, जास्त भाजले तर तपकिरी आणि काळी. पोर्टरमध्ये बहुतेक माल्ट फिकटच असतं. रंग आणि खरपूसपणा येतो तो थोड्याशा तपकिरी, चॉकलेट आणि काळ्या माल्टमधून. चॉकलेट माल्टमध्ये चॉकलेट अजिबात नसतं, ते नाव भाजणीच्या रंगावरून पडलं आहे.

इतकं काळं भाजूनही जव पेटू न देणं अवघड होतं. १८१७ मध्ये डॅनिअल व्हीलरने फिरत्या पिंपात माल्ट भाजण्याच्या पद्धतीचं पेटंट घेतलं आणि काळं माल्ट हमखास एकसारखं मिळू लागलं. आपल्याकडे भट्टीवाला फुटाणे तापल्या वाळूत सतत हलवत ठेवतो, तसाच हा प्रकार. हात थांबला की दाणा करपतो.

पोर्टर आणि स्टाउट यांत फरक काय?

मुळात 'स्टाउट पोर्टर' म्हणजे जास्त दमदार पोर्टर. पुढे 'पोर्टर' गळून नुसतं 'स्टाउट' उरलं. आज ढोबळमानाने एवढं लक्षात ठेवा: पोर्टरमध्ये गूळ, भाकरीचा पापुद्रा, चॉकलेट अशी मऊ बाजू पुढे असते, तर स्टाउटमध्ये बिनदुधाच्या काळ्या कॉफीसारखा कोरडा कडसरपणा. सीमा मात्र पुसट आहे. दोन कारखान्यांनी अगदी सारखी बिअर करून तिला दोन वेगळी नावं दिलेली सापडतात, त्यामुळे नावावरून भांडण्यात अर्थ नाही.

पोर्टरचे स्वतःचे तीन मुख्य प्रकार आहेत. इंग्लिश पोर्टर साधारण ४ ते ५.४ टक्के मद्यार्काची आणि सौम्य असते. अमेरिकन ४.८ ते ६.५ टक्के, जास्त कडू, भाजणीचा जोर जास्त. बाल्टिक ६.५ ते ९.५ टक्के; ही थंडीत संथपणे आंबवतात, त्यामुळे ती गुळगुळीत लागते, मनुका-खजुराकडे झुकते, आणि तिचा जोर उशिरा जाणवतो. पहिल्यांदा चाखणाऱ्याने इंग्लिशपासून सुरुवात करावी.

काळी आहे म्हणजे जास्त कडक असणार ना?

नाही. रंग भाजणीतून येतो, मद्यार्क आंबवण्यातून. आपल्या बारमध्ये सर्रास मिळणारी पिवळी 'स्ट्राँग' बिअर कित्येक पोर्टरपेक्षा कडक असते. लेबलवरचा आकडा वाचा. ५ टक्क्यांच्या ५०० मिलि बाटलीत साधारण २० ग्रॅम शुद्ध मद्यार्क असतो, मग बिअर काळी असो वा पिवळी.

ग्लास कोणता घ्यावा? स्टीलचा चालतो का?

स्टीलच्या ग्लासात रंग दिसत नाही, फेस नीट कळत नाही आणि हाताची ऊब झटकन लागते. काचेचाच घ्या. पोटाशी रुंद आणि तोंडाशी थोडा निमुळता असला तर वास आत साठून राहतो. असा नसेल तर घरातला साधा काचेचा ग्लास चालेल, फक्त एक तृतीयांशच भरा. एका वेळी १०० ते १२० मिलि पुरे. ओळीने तीन-चार प्रकार चाखायचे असतील तर प्रत्येकी ६० मिलि, आधी हलकी आणि शेवटी कडक.

ग्लास धुण्यावर मात्र दोन मिनिटं जास्त घालवा. तेलाचा किंवा साबणाचा अंश राहिला की फेस बसतो आणि बिअर शिळी वाटते. अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात आणखी एक अडचण आहे. तिथल्या पाण्याने धुतलेला ग्लास वाळला की आत पांढरा पुसट थर बसतो आणि बुडबुडे त्या थराला चिकटून राहतात. उपाय सोपा आहे: अर्धा चमचा व्हिनेगर किंवा लिंबाचा रस आतून फिरवा, साध्या पाण्याने धुवा, शेवटचं विसळणं कॅनच्या आरओ पाण्याने करा आणि ग्लास न पुसता जाळीवर उपडा ठेवा. फडक्याने पुसला तर फडक्याचा वास लागतो.

चूळ भरायलाही तेच गोडं पाणी घ्या. मीठ जिभेवरचा कडूपणा दाबतं. खाऱ्या पाण्याची चूळ भरून घेतलेला पोर्टरचा घोट त्यामुळे खरा आहे त्यापेक्षा गोड वाटतो.

किती थंड असावी?

१० ते १३ अंश सेल्सिअस. फ्रिजमधून काढलेली बाटली ४-५ अंशांवर असते. इतक्या गारव्यात जीभ बधिर होते, वास वर येत नाही आणि फक्त कडू तेवढं कळतं. "करपली आहे" हा निकाल बहुतेक वेळा इथूनच निघतो.

बाटली बाहेर किती वेळ ठेवायची, हे ऋतूवर आहे. मे महिन्यात खोलीत ४० अंश असतील तर १५ ते २० मिनिटं पुरतात, कॅन असेल तर १० ते १२. डिसेंबरच्या संध्याकाळी पाऊण तास सहज लागतो. स्वयंपाकाचा काडी-थर्मामीटर असेल तर ग्लासात बुडवून बघा. नसेल तर ग्लास तळहातावर धरा: गारवा बोचत असेल तर थांबा, माठातल्या पाण्यापेक्षा थोडा जास्त गार वाटला की सुरू करा.

फ्रिज नाही किंवा वीज गेली आहे. काय करावं?

बादलीत निम्मं पाणी, निम्मा बर्फ आणि मूठभर जाडं मीठ घ्या. बाटली मानेपर्यंत बुडवा आणि पाच-पाच मिनिटांनी फिरवा. अर्ध्या तासात काम होतं. पाण्याशिवाय नुसता बर्फ घेऊ नका, तो बाटलीला जागोजागीच टेकतो. पाणी सगळीकडून भिडतं, म्हणून लवकर गार करतं. बाटली उन्हातून आली असेल तर आधी अर्धा तास माठाच्या पाण्यात ठेवा, बर्फ कमी लागेल.

ओलं फडकं गुंडाळून कूलरसमोर ठेवण्याची युक्ती अर्धवटच चालते. कोरड्या उन्हाळ्यात पाणी उडून जाताना बाटली गार होते खरी, पण साधारण २५ अंशांच्या आसपास येऊन अडकते. त्यापुढे बर्फच हवा.

फ्रीझरमध्ये ठेवून विसरू नका. ५ टक्क्यांची बिअर उणे २-३ अंशांना गोठते, फुगते आणि बाटली तडकते.

वीज जाऊन बाटली एकदा कोमट झाली आणि परत गार केली, तर ती लगेच बिघडते हा समज चुकीचा आहे. नुकसान होतं ते उष्णतेत काढलेल्या एकूण दिवसांनी.

चाखायची रीत सांगा.

ग्लास तिरपा धरून कडेने ओता, ओतायची त्यातली अर्धी झाली की सरळ करा आणि बाकीची मधोमध ओता. दोन बोटं फेस यायला हवा. पोर्टरचा फेस पांढरा नसतो, बदामी ते खाकी असतो.

मग ग्लासामागे मोबाइलचा टॉर्च लावा. लांबून काळीभोर दिसणारी पोर्टर उजेडात बहुधा कडेला तांबूस, डाळिंबाच्या दाण्यासारखी चमकते. अगदी अपारदर्शक असेल तर ती स्टाउटकडे झुकलेली किंवा जास्त दाट आहे.

वास लगेच घ्या, फेस ताजा असताना. लांब श्वास ओढू नका. दोन-तीन छोटे हुंगे घ्या, थांबा, ग्लास हलकेच गोल फिरवा, वर तळहात पाच सेकंद झाकून ठेवा आणि पुन्हा हुंगा. नाक दमलं तर स्वतःच्या बाहीचा वास घ्या, ते ताळ्यावर येतं. शेजारी फोडणी चालू असेल, उदबत्ती असेल किंवा डासांची कॉइल असेल तर जागा बदला. या तिघींपुढे कुठल्याच बिअरचा वास टिकत नाही.

पहिला घोट फक्त तोंड ओलं करायला असतो, त्यावरून मत बनवू नका. दुसरा घोट तीन-चार सेकंद जिभेवर फिरवून गिळा, तोंड मिटून नाकाने श्वास सोडा. खरी चव या श्वासात कळते. मग मनात वीस मोजा आणि मागे काय उरतं ते बघा. ग्लास १५ मिनिटं तसाच ठेवून पुन्हा चाखा. पोर्टर कोमटपणाकडे जाताना उलगडते: गारव्यात भाजणी पुढे असते, नंतर गूळ आणि सुकामेवा वर येतात.

वास ओळखीचा वाटतो, पण शब्द सापडत नाही. काय करावं?

हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. परदेशी वर्णनांत टॉफी, बिस्किट, लिकोरिस असे शब्द येतात आणि ते वाचून चाखणारा बुजतो. त्यांची गरज नाही. भाजणीचे जेवढे टप्पे विदर्भातल्या चुलीला माहीत आहेत, तेवढे पोर्टर वाचायला पुरेसे आहेत.

नऊ वाट्या घ्या आणि प्रत्येकीत चमचाभर एक वस्तू ठेवा: ज्वारीच्या भाकरीचा नीट भाजलेला पापुद्रा, त्याच भाकरीचा करपलेला तुकडा, ताजे फुटाणे, काळा गूळ किंवा काकवी, कॉफीची पूड (चिखलदऱ्याची कॉफी मिळाली तर उत्तम), गोड न केलेली कोको पूड, मनुका, वाळलेली मोहफुलं, आणि विझलेला लाकडी कोळसा. वर ताटली झाकून दहा मिनिटं ठेवा. मग डोळे मिटून एकेक हुंगा, कोणाला तरी वाट्यांची जागा बदलायला सांगा आणि पुन्हा ओळखा. नऊपैकी सात जुळायला लागल्या की पोर्टर उघडा.

भाकरीच्या दोन वाट्यांकडे जास्त लक्ष द्या. तव्यावरून उतरवून निखाऱ्यावर टेकवलेली भाकर फुगते, तिच्यावर तपकिरी ठिपके उठतात आणि जो खमंग, किंचित गोडसर वास सुटतो, तो चांगल्या पोर्टरच्या मधोमध असतो. तीच भाकर अर्धा मिनिट जास्त राहिली की ठिपके काळे होतात, गोडवा जातो आणि वास नाकाला टोचतो. पोर्टरमध्ये काळं माल्ट जास्त झालं तर हुबेहूब हेच होतं. खरपूस आणि करपट यांतलं हे अर्ध्या मिनिटाचं अंतर ज्याला कळलं, त्याला पोर्टर बरीचशी कळली.

वाळलेल्या मोहफुलांचा वास मनुकांच्या जवळचा, पण जरा आंबूस आणि जड. तो बाल्टिक पोर्टरमध्ये जास्त सापडतो. हलक्या इंग्लिश पोर्टरमध्ये तो ठळक आला तर बाटली जुनी आहे का ते तपासा.

कडूपणा कशाचा आहे, ते कसं ओळखायचं?

पोर्टरमध्ये दोन कडूपणे असतात. एक हॉप्सचा, म्हणजे बिअरमध्ये कडूपणासाठी घालतात त्या वेलीच्या फुलांचा. तो कारल्यासारखा: जिभेच्या मागे, स्वच्छ, रेंगाळणारा. भाजणीचा कडूपणा काळ्या कॉफीसारखा, सोबत थोडा तुरट कोरडेपणा आणि हलकी आंबट कड, कारण भाजलेलं माल्ट बिअरची आम्लता वाढवतं. वीस मोजेपर्यंत तोंड कोरडं पडत असेल तर भाजणी, लाळ सुटत राहून मागे कडू उरत असेल तर बहुधा हॉप्स. दोन्ही चालतात. राख चाटल्यासारखं वाटलं तर मात्र माल्टचं प्रमाण चुकलेलं आहे.

खर्रा खातो. चव कळेल का?

खर्रा तोंडात असताना किंवा नुकता थुंकल्यावर नाही कळणार. सुपारीचा तुरटपणा, चुना आणि तंबाखू मिळून जीभ आणि गालांची आतली कातडी बधिर करतात, आणि पोर्टरमधला तुरटपणा नेमका तिथेच जाणवायचा असतो. किमान दोन तास आधी बंद करा, दोनदा चूळ भरा, सुक्या भाकरीचा तुकडा चावा. रोज खाणाऱ्याची जीभ दोन तासांत पूर्ण मोकळी होत नाही, हेही खरं आहे. आणि तंबाखूसोबत दारू असेल तर तोंडाच्या कॅन्सरचा धोका एकट्या तंबाखूपेक्षा बराच वाढतो. चवीसाठी नसेल तर या कारणासाठी तरी दोन्ही एकत्र करू नका.

नोंद कशी लिहावी?

वहीत तारीख, बाटलीवरची भरण्याची तारीख, मद्यार्क आणि ग्लासातलं तापमान आधी लिहा. मग अशी:

"दाट तपकिरी, उजेडात कडा तांबूस. फेस बदामी, दोन बोटं, चार मिनिटांत पातळ थर. वास आधी फुटाण्यांचा, मग काकवी. १५ मिनिटांनी मनुका. चवीला सुरुवात गोडसर, मध्ये भाकरीचा पापुद्रा, शेवट कॉफीसारखा कोरडा. अंगाने मध्यम, ताकापेक्षा पातळ. बुडबुडे बारीक. पुन्हा घेईन, पण १२ अंशांच्या खाली नाही."

'छान', 'मस्त' हे शब्द वहीत नकोत. सहा महिन्यांनी वाचल्यावर त्यातून काहीच कळत नाही.

बिघडलेली बाटली कशी ओळखायची?

भिजलेल्या पुठ्ठ्याचा किंवा जुन्या वहीचा वास आला तर बिअरला हवा आणि उष्णता लागली आहे. हा दोष आपल्या भागात सगळ्यात जास्त दिसतो. एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या गोदामात किंवा गाडीच्या डिकीत काढलेले काही दिवस त्याला पुरतात. बिअर करणाऱ्यांचा एक ठोकताळा आहे: ३२ अंशांवर ३ दिवस, २२ अंशांवर ३० दिवस आणि ३ अंशांवर ३०० दिवस, नुकसान सारखंच. गडद बिअरमध्ये हा दोष आधी सोया सॉससारखा किंवा शिळ्या मनुकांसारखा डोकावतो, म्हणून चटकन कळत नाही.

कुबट, डोळ्यांत जाणारा उग्र वास येत असेल तर उजेड लागला आहे. उन्हाने किंवा ट्यूबलाइटने हॉप्समधली द्रव्यं मोडतात. तपकिरी बाटली बरीच वाचवते, हिरवी आणि पांढरी वाचवत नाहीत, कॅन पूर्ण वाचवतो. दुकानात काचेच्या फ्रिजमध्ये पुढे मांडलेली बाटली घेऊ नका, मागची मागा.

लोण्याचा वास म्हणजे आंबवणं घाईत उरकलं आहे. इंग्लिश पोर्टरमध्ये अगदी पुसट असेल तर क्षम्य, पोळीवर लोणी लावल्यासारखा असेल तर दोष. हिरव्या सफरचंदाचा वास म्हणजे बिअर कच्ची आहे. दवाखान्याचा, औषधी वास किंवा स्पष्ट शिरक्याचा आंबटपणा म्हणजे जंतुसंसर्ग. झाकण उघडताच फेस कारंज्यासारखा उसळला, तर बाटली गरम किंवा हललेली होती का ते आधी बघा. नीट गार करून, दिवसभर उभी ठेवूनही उसळली तर संसर्ग धरा आणि ओतून द्या.

तळाशी बारीक गाळ दिसला म्हणून घाबरू नका. काही पोर्टर बाटलीतच फसफसवतात, तो गाळ यीस्टचा असतो. बाटली दिवसभर उभी ठेवा आणि शेवटची बोटभर बिअर बाटलीतच सोडा.

गावात आणून ठेवायची तर कशी? कायद्याचं काय?

थर्मोकोलच्या डब्यात, बर्फाच्या पिशव्यांसोबत, उभी ठेवून आणा. घरी फ्रिजच्या आतल्या बाजूला ठेवा, दारात नको. तिथे तापमान सतत वरखाली होतं. ५ टक्क्यांच्या आसपासची पोर्टर भरल्या तारखेपासून तीन-चार महिन्यांत संपवावी. बाल्टिक जास्त टिकते.

आणण्याआधी रस्ता बघा. वर्धा आणि गडचिरोली हे दारूबंदीचे जिल्हे आहेत. गडचिरोलीत बंदी १९९३ पासून आहे. चंद्रपुरात २०१५ मध्ये आलेली बंदी २०२१ मध्ये उठली. नागपूरहून यवतमाळला आणि अमरावतीला जाणारे नेहमीचे रस्ते वर्धा जिल्ह्यातून जातात, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. अशा रस्त्याने बाटल्या नेता येतील का, हे निघण्यापूर्वी राज्य उत्पादन शुल्क कार्यालयात विचारा. महाराष्ट्रात पिणाऱ्याकडे परवाना असावा लागतो आणि २१ वर्षांखालच्या कोणालाही बिअर देता येत नाही.

घरी बनवता येईल का?

परवान्याशिवाय नाही, तो गुन्हा आहे.

सोबत काय खावं? सावजी मटण चालेल?

आधी चाखा, मग खा. सावजीचं तिखट, मद्यार्क आणि बुडबुडे एकत्र आले की आग दुप्पट होते आणि बिअर फक्त कडू लागते. तर्रीवाल्या कुठल्याही रश्श्याचं तेच.

जुळतं ते भाजलेलं. तुराट्यांच्या जाळावर भाजलेल्या वांग्यांचं भरीत, तिखट बेताचं आणि वर कच्चा कांदा, ही पोर्टरची सगळ्यात चांगली जोडी आहे. धुराला धूर भेटतो आणि वांग्याच्या मऊपणाने कडूपणा बोथट होतो. गोवऱ्यांवरचे रोडगे तुपासोबत, जानेवारीतला हुरडा, जवसाची चटणी आणि भाकर, निखाऱ्यावरचं सुकं मटण हेही उत्तम. गोडात संत्रा बर्फी घेऊन बघा. संत्र्याची साल आणि कोको यांचं जमतं, ते इथेही जमतं. खूप गोड पुरणपोळीपुढे मात्र हलकी पोर्टर पाणचट वाटते, तिला बाल्टिकच लागते.

कोणी घेऊ नये?

गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया, यकृताचा आजार असलेले, गाडी चालवणारे. जुलाबावर दिली जाणारी मेट्रोनिडाझोल, झोपेच्या गोळ्या किंवा मधुमेहाची औषधं चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा. उन्हात दिवसभर राबून आल्यावर तहान भागवायला बिअर घेऊ नका. मद्यार्काने लघवी वाढते, अंगातलं पाणी आणखी घटतं आणि विदर्भाच्या मे महिन्यात ते जिवावर बेतू शकतं. आधी पाणी, ताक किंवा आंबील, आणि बिअर ऊन उतरल्यावर.

बाटली उघडली पण संपवायची नाही. उरलेलीचं काय करू?

बूच लावून फ्रिजमध्ये ठेवली तर दुसऱ्या दिवशीपर्यंत बरी राहते, त्यानंतर बुडबुडे जातात. प्यायला नको वाटली तर स्वयंपाकात वापरा: अर्धा किलो मटणाला १५० मिलि, कांदा परतून झाल्यावर घाला आणि झाकण न ठेवता दहा मिनिटं उकळू द्या. आटवताना कडूपणाही दाट होतो, म्हणून सुपारीएवढा गूळ टाका आणि मीठ शेवटी चाखूनच घाला.